काकांना एकट्या व्यापाऱ्याने नाही आणलं

आमच्या दापोलीकडच्या वाडीच्या ग्रुपवर परवा पुन्हा तेच फॉरवर्ड आलं. १९९० साली सरकार झोपलं होतं, कुवेतमधल्या भारतीयांना एका व्यापाऱ्याने एकट्याने सोडवलं, ती सगळ्यात मोठी लष्करी मोहीम होती, आणि त्यावरच्या ‘एअरलिफ्ट’ या हिंदी चित्रपटाला नावं ठेवणारे समीक्षक देशद्रोही. काका स्वतः त्या साली कुवेतहून आलेले. त्यांचा लगेच फोन: ‘ह्ये कोनी लिवलान गो?’

‘एकट्याने’ या शब्दाचा मला संताप येतो. चित्रपटातला तो व्यापारी, रणजित कत्याल, काल्पनिक आहे. इराकने २ ऑगस्टला कुवेत घेतलं आणि त्याच महिन्यात परराष्ट्रमंत्री इंदरकुमार गुजराल बगदादला सद्दाम हुसेनला भेटले. त्या गळाभेटीवरून शिव्या खाल्ल्या त्यांनी. मग जॉर्डनची राजधानी अम्मानहून मुंबईला एअर इंडियाच्या पाचशेच्या आसपास फेऱ्या झाल्या, दोन महिने, लाखाहून जास्त माणसं. एवढी विमानं कुठला व्यापारी आणणार? चित्रपट २०१६ साली आला तेव्हा माजी परराष्ट्र सचिव निरुपमा राव यांनीच जाहीर सांगितलं की परराष्ट्र खात्याने काय केलं याचा अभ्यास यात फार कच्चा आहे. आयुष्य त्या खात्यात गेलेल्या बाईंचं ऐकायचं की फॉरवर्डचं?

काकांच्या ट्रंकेत एक कागद आहे. पासपोर्ट मालकाकडे अडकला, म्हणून दूतावासाने दिलेला. घडीवर फाटलाय, मागून चिकटपट्टी, शिक्क्याची शाई पसरलेली. त्याच्यावर काका बसने इराकमधलं बसरा, बगदाद करत अम्मानला पोचले, मुंबईत उतरले आणि एसटीने घरी आले. तो कागद लिहून देणारा माणूस झोपला होता?

व्यापाऱ्यांनी जिवाचं रान केलं, हे मान्य. मथुन्नी मॅथ्यूज, हरभजनसिंग वेदी ही खरी माणसं. दूतावास बसऱ्याला हलला तेव्हा आपल्याला वाऱ्यावर सोडलं असं वाटलं, हे काकाही सांगतात. पण ते व्यापारीसुद्धा एकेकटे नाही, समिती करून राबत होते.

लष्करी म्हणाल, तर हवाई दलाची काही विमानं सुरुवातीला होती. बाकी भार नागरी विमानांनी उचलला.

आणि समीक्षक? बहुतेकांनी चित्रपटाचं, अक्षय कुमारच्या कामाचं कौतुकच केलंय. आक्षेप होता तो इतिहासावर.

काकांना विचारून त्या कागदाचा फोटो ग्रुपवर टाकलाय. फॉरवर्ड पाठवणाऱ्याने तो मोठा करून बघावा, खाली दूतावासाची सही आहे.