वेदना थांबली म्हणजे विंचू उतरला असे नव्हे

मे महिन्यात मुंबईकर कोकणाच्या वाटेला लागले की आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटावर एक संदेश हमखास फिरतो. विंचू चावून माणूस मरत नाही, दंशावर तुरटी तापवून लावावी, वेदना थांबली की विष उतरले, आणि भ्यायचे ते मोठ्या काळ्या इंगळीला, लहान तांबड्या विंचवाला नव्हे, असे त्यात म्हटले आहे.

शेवटचा दावा आधी घेतो, कारण तो वस्तुस्थितीच्या नेमका उलट आहे. इंगळीचा डंख असह्य ठणकतो, पण सहसा जिवावर बेतत नाही. कोकणात माणसे दगावली आहेत ती चिऱ्यांच्या ढिगात आणि लाकूडफाट्यात दडणाऱ्या तांबड्या विंचवामुळे.

सर्वांत घातक वाक्य मात्र वेदनेविषयीचे आहे. हे विष मज्जातंतूंना चेतवते, रक्तात ॲड्रेनलिनसारख्या द्रव्यांचा लोंढा येतो, रक्तवाहिन्या आवळतात, रक्तदाब चढतो, आणि काही तासांत हृदय थकून फुफ्फुसांत पाणी भरू शकते. माझ्या आत्याचा नातू दंशानंतर तासाभराने रडायचा थांबला, तेव्हा घरात सर्वांना हायसे वाटले होते. पण पंख्याखाली निजलेल्या त्या पोराचा सदरा घामाने निथळत होता. शेजारच्या आजींनी त्याचे तळवे चाचपले आणि म्हणाल्या, "पोर गार पडलंय, आधी गाडी काढा." त्या हातामुळे तो वाचला, असे मी आजही मानतो. दरदरून घाम, उलट्या, गार हातपाय, मुलग्यांमध्ये लिंग ताठ राहणे ही विष अंगात भिनल्याची लक्षणे आहेत, आणि त्यांवर तुरटीचा काडीचाही उपयोग नाही.

उपचार आहेत, तेही आपल्याच मातीतले. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी रक्तदाबावरची प्राझोसिन ही स्वस्त गोळी विंचूदंशावर वापरली आणि 1986 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात तसे मांडले, तोवर गंभीर दंशाचे रुग्ण डॉक्टरांच्या डोळ्यांदेखत जात असत. पुढे महाडलाच 70 रुग्णांवर झालेल्या चाचणीत प्राझोसिनसोबत विंचवाचे प्रतिविष मिळालेल्या 35 पैकी 32 जण 10 तासांत पूर्ण बरे झाले, नुसती गोळी मिळालेल्या 35 पैकी 8. हा अभ्यास 2011 साली ‘बीएमजे’ या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. सापाचे प्रतिविष इथे चालत नाही. प्राझोसिनही घरच्या घरी देऊ नये, कारण रक्तदाब एकाएकी कोसळू शकतो.

गावी निघण्यापूर्वी जवळच्या ग्रामीण रुग्णालयात विंचवाचे प्रतिविष आहे का, एवढे फोन करून विचारून ठेवावे.