अभ्रा बदलला, कापूस तोच

मी मुळात टापटीप माणूस आहे आणि या सगळ्या घोळाचं मूळ तेच आहे. भाचीचा नाचाचा कार्यक्रम होता, मी कॅमेरा स्टँडवर लावला, पहिल्यापासून शेवटपर्यंत दोन तास सगळं शूट केलं आणि घरी येऊन कार्ड कॉम्प्युटरला लावलं तर आत हे भलंमोठं जंजाळ. 'प्रायव्हेट' नावाचं फोल्डर, त्याच्या पोटात 'एव्हीसीएचडी', त्याच्या पोटात 'बीडीएमव्ही', आणि तिथे पोचलं की अजून दोन-तीन फोल्डरं, त्यातल्या 'स्ट्रीम' नावाच्यात खरा माल, ००००० डॉट एमटीएस, ००००१ डॉट एमटीएस असा ओळीने. बाकीच्यांत नुसत्या काही केबीच्या चिल्लर फायली, डबल क्लिक केलं तरी उघडत नाहीत. म्हटलं काय हा पसारा! मी एमटीएस तेवढ्या उचलल्या, 'नाच' नावाच्या नव्या कोऱ्या फोल्डरात आणून टाकल्या, नाच-१ ते नाच-१० अशी नावं दिली आणि कार्ड फॉरमॅट करून टाकलं. फॉरमॅटचं बटण दाबताना जे समाधान मिळालं ना ते मुद्दाम नोंदवून ठेवतो, कारण या प्रकरणातलं ते शेवटचं समाधान.

ताईचं म्हणणं अगदी साधं होतं. "सगळं नकोय रे, फक्त हिचा नाच काप आणि ह्यांनी मोबाइलवर जवळून घेतलंय ते मध्येमध्ये घाल. रविवारपर्यंत होईल ना?" तो दिवस सोमवार होता. मी हसलो सुद्धा.

एडिटिंगचं सॉफ्टवेअर उघडलं, नाच-१ आत ओढली, आणि त्याने सांगितलं की ही फाइल सपोर्टेड नाही. आता बघा, हीच फाइल त्या नारिंगी शंकूवाल्या व्हीएलसीमध्ये मस्त चालते, कॅमेऱ्यावर चालते, आणि ज्याचा जन्मच व्हिडिओ कापण्यासाठी झालाय त्याला मात्र ती चालत नाही. मग मी ते केलं जे प्रत्येकजण आयुष्यात एकदा तरी करतो आणि कबूल करत नाही. फाइलचं नाव बदललं. डॉट एमटीएस खोडून डॉट एमपीफोर लिहिलं. विंडोजने विचारलं की नक्की ना, फाइल निकामी होऊ शकते, मी म्हटलं हो रे बाबा नक्की. सॉफ्टवेअरने परत नकार दिला, आणि मला वाटतं यावेळी जरा तुसडेपणाने.

हे प्रकरण काय आहे ते मला नंतर कळलं, पण तुम्हाला आत्ताच सांगतो. एमपीफोर, एमओव्ही, एव्हीआय, एमकेव्ही हे जे आपण फॉरमॅट फॉरमॅट म्हणतो ना, ते नुसते उशीचे अभ्रे आहेत. आतला कापूस, म्हणजे चित्र आणि आवाज दाबून साठवायची पद्धत, तो वेगळा, त्याला कोडेक म्हणतात. एकाच अभ्र्यात दहा प्रकारचा कापूस असू शकतो आणि एकच कापूस दहा अभ्र्यांत. माझ्या फायलीत कापूस होता एच डॉट २६४, म्हणजे २००३ पासून जगभर चालत आलेला, त्या सॉफ्टवेअरलाही चालणारा. नडत होता तो अभ्रा. आणि मी काय केलं होतं तर अभ्रा तोच ठेवून त्यावरचं भरतकाम बदललं होतं.

पण हे सोमवारी कुणाला माहीत होतं! मी कन्व्हर्टर शोधला. 'फ्री' असं लिहिलेलं होतं. तो खरंच फ्री होता, त्याने नाच-१ कन्व्हर्टही करून दिली, फक्त स्क्रीनच्या बरोब्बर मध्यावर 'ट्रायल व्हर्जन' असं ठसठशीत लिहून. नाचणाऱ्या मुली डावीकडून येत होत्या, अक्षरांच्या मागे जात होत्या आणि उजवीकडून बाहेर पडत होत्या, म्हणजे एका अर्थी विंग मिळाली होती त्यांना.

दुसरा कन्व्हर्टर शोधला. त्यात इतकी सेटिंग्ज होती की एखाद्याला विमान उडवायला बसवावं तसं झालं. बिटरेट कॉन्स्टंट का व्हेरिएबल, प्रोफाइल मेन का हाय, फ्रेम रेट, म्हणजे सेकंदाला किती चित्रं, २५ का २९.९७. हे २९.९७ काय असतं, पूर्ण ३० का नाही, म्हणून बघायला गेलो तर कळलं की १९५३ मध्ये अमेरिकेत कलर टीव्हीचं स्टँडर्ड ठरलं तेव्हा रंगाचा सिग्नल आवाजाच्या सिग्नलला त्रास देऊ नये म्हणून ३० मधून चिमूटभर वेग कमी केला, तो आजतागायत कमीच आहे. वाचत वाचत रात्रीचे बारा वाजले. सगळं होतं तसं ठेवलं, क्वालिटी तेवढी 'बेस्ट' केली, दहाही फायली लाइनीत लावल्या आणि स्टार्ट दाबलं.

(चार मिनिटांचा नाच हवा होता तर दहा फायली कशाला, असं आता कुणीही म्हणेल. पण आठ फायली एका फॉरमॅटमध्ये आणि दोन दुसऱ्या, हे माझ्या स्वभावात बसत नाही.)

'उरलेला वेळ' ही जी पट्टी असते ना खाली, तिच्यासारखी थापाडी चीज मी पाहिलेली नाही. आधी म्हणाली ३ तास. दात घासून आलो तर ११ तास. मी मान्य केलं, झोपलो, सकाळी उठलो तर ४ मिनिटं. म्हटलं वा, आंघोळ करून आलो, ४ मिनिटं. ऑफिसला निघालो, ४ मिनिटं. आणि पंखा असा घुंघावत होता की शेजारच्या खोलीतून आईने विचारलं मिक्सर चालू राहिलाय का रे.

मंगळवारी संध्याकाळी फायली तयार. सॉफ्टवेअरने आत घेतल्या, मी टुणकन उडीच मारली. प्ले केलं. चित्र दिसतंय, आवाज नाही. स्पीकर तपासला, वायर तपासली, दुसऱ्या व्हिडिओला आवाज येतोय, यालाच नाही. कॅमेऱ्याच्या या एव्हीसीएचडी फॉरमॅटमध्ये आवाज सहसा डॉल्बीच्या एसी-३ मध्ये असतो, कन्व्हर्टरने तो तसाच पुढे ढकलला होता आणि माझ्या सॉफ्टवेअरला तो कळत नव्हता. बरं चित्र तरी नीट? तर मुली उभ्या असल्या की छान, आणि गिरकी घेतली की हाताला कंगव्याचे दात फुटायचे. अक्षरशः, कोपरापासून बोटांपर्यंत आडव्या आडव्या रेघा. त्याचं कारण असं की माझा कॅमेरा जुना, तो १०८० रेघा एकदम घेतच नाही, आधी विषम रेघा घेतो आणि सेकंदाच्या पन्नासाव्या भागानंतर सम रेघा. तेवढ्या वेळात हात पुढे गेलेला असतो. बसलेल्या माणसाचं शूटिंग असतं तर आयुष्यभर कळलं नसतं, पण नाचात बसून कोण राहतं.

बुधवारी भावोजींचा मोबाइलवरचा व्हिडिओ आला. तो लगेच आत गेला पण अडखळत अडखळत, कारण मोबाइल एच डॉट २६५ मध्ये शूट करतो, ज्यात तेवढ्याच दर्जाला साधारण निम्मी जागा लागते आणि माझ्या कॉम्प्युटरला मात्र दुप्पट धाप. तेही चाललं असतं, पण नाचाच्या सुरुवातीला पाय आणि ठेका बरोबर होते आणि शेवटाकडे ठेका आधी आणि पाय मागाहून असं व्हायला लागलं. मी भाचीला फोन करून विचारणार होतो की तू दमली होतीस का. नशीब आधी वाचलं. मोबाइल उजेड कमी झाला की सेकंदाला ३० ऐवजी कमी फ्रेम घेतो, परत उजेड आला की वाढवतो, मनाला येईल तसं. याला व्हेरिएबल फ्रेम रेट म्हणतात. एडिटिंगवाल्याला हिशोब ठरावीक लागतो, मग आवाज घसरत जातो. हँडब्रेक नावाचं फुकटातलं सॉफ्टवेअर आहे, त्यात 'कॉन्स्टंट' निवडून कन्व्हर्ट केलं आणि ते सुटलं. भावोजींना मात्र मी फोन करून ऐकवलंच, तुमच्या मोबाइलचा फ्रेम रेट व्हेरिएबल आहे म्हणून. ते बिचारे "अरेरे" म्हणाले आणि सर्व्हिस सेंटरला दाखवू का म्हणून विचारलं. मी म्हटलं बघू.

गुरुवारी ऑफिसातल्या एका मित्राला सांगितलं. हा माणूस काळ्या स्क्रीनवर पांढरी अक्षरं टाइप करणारा. त्याने माझं सगळं ऐकून घेतलं आणि अतिशय वाईट चेहरा करून म्हणाला, "तू कापूस का पिंजत बसलास?" (उशीची उपमा त्याचीच आहे, मी ढापली.) म्हणजे नुसता अभ्रा बदलायचा होता तिथे मी रात्रभर उशी फाडून सगळा कापूस पिंजून परत भरला होता, आणि प्रत्येक वेळी पिंजताना थोडा उडून जातो तो वेगळाच. त्याने एफएफएमपेग नावाची चीज लावून दिली, २००० साली एका माणसाने सुरू केलेलं हे फुकट सॉफ्टवेअर म्हणे निम्म्या जगाच्या व्हिडिओमागे असतं. त्यात एक ओळ टाइप केली, अर्थ एवढाच की चित्र आहे तसं कॉपी कर, आवाज साध्या फॉरमॅटमध्ये काढ, एमओव्हीच्या अभ्र्यात भर. एंटर मारला. दोन जीबीची फाइल मी घड्याळ लावून बघितली, ९ सेकंदात तयार. मला आनंद व्हायला हवा होता पण झाला नाही, मला त्या ११ तासांची आठवण येऊन उचकी लागली.

रेघांचं काय? सॉफ्टवेअरमध्येच एक 'डीइंटरलेस' नावाचा चौकोन होता. टिक करायची. तीन दिवस तिथेच होता तो.

पण गंमत संपते कुठे. आता फायली उघडत होत्या, आवाज होता, आणि कापायला गेलं की सगळं थिजायचं. मित्र म्हणाला, हा कापूस बघायला चांगला असतो, कापायला नाही. असं बघा, एका फुल एचडी चित्रात २०,७३,६०० ठिपके, अशी सेकंदाला २५ चित्रं, हे दाबलं नाही तर सेकंदाला साधारण १५५ एमबी होतात आणि कॅमेरा लिहितो जेमतेम ३. मग तो काय करतो, आपल्या कचेरीतल्या रजिस्टरसारखं करतो. पहिल्या ओळीत सगळं नीट लिहायचं आणि खाली 'वरीलप्रमाणे', 'वरीलप्रमाणे', फक्त हात हलला असेल तर तेवढी नोंद. काही चित्रांत तर 'वरीलप्रमाणे व खालीलप्रमाणे' अशी दोन्हीकडची उधारी. आणि आपण जाऊन बरोब्बर मधल्या ओळीवर कात्री लावतो. कॉम्प्युटरला दर वेळी वर जाऊन खाली येऊन ते चित्र नव्याने उभं करावं लागतं. म्हणून एडिटिंगवाले प्रोरेझ किंवा डीएनएक्सएचडी असला कापूस वापरतात, त्यात प्रत्येक ओळ पूर्ण लिहिलेली, वरीलप्रमाणे वगैरे भानगड नाही.

एवढं कळल्यावर मी गप्प बसणार थोडाच. शुक्रवारी रात्री दहाही फायली प्रोरेझमध्ये. आता २५ फ्रेमच्या फुल एचडीला साधं प्रोरेझ ४२२ सेकंदाला १२२ मेगाबिट खातं, म्हणजे तासाला ५५ जीबी, दोन तासांचे ११०. माझ्या डिस्कवर मोकळे होते ९४. नवव्या फायलीपाशी 'जागा नाही' असं आलं. मग टापटीप माणसाने काय केलं? ज्या एमटीएसचं रूपांतर झालंय त्या आता कशाला, म्हणून जुन्या एमटीएस उडवल्या. रिसायकल बिनसुद्धा रिकामी केली. मधल्या एमओव्ही उडवल्या. कॉम्प्युटर कसा हलकाफुलका झाला.

शनिवारी बसलो तर सगळं लोण्यासारखं. कात्री लागतेय, जोड बसतोय, मला स्वतःचंच कौतुक वाटायला लागलं. भाचीचा नाच नाच-६ च्या शेवटी सुरू होऊन नाच-७ मध्ये जात होता, कारण माझा कॅमेरा दर २ जीबीला फाइल तोडतो, साधारण बारा मिनिटांनी. दोन्ही टोकाला टोक लावली, ऐकलं, आणि जोडावर 'टक्'. अर्धा सेकंद आवाजच नाही. आणि कुठे? तर शेवटच्या मोठ्या उडीच्या जरा आधी, जिथे सगळं वाजत असताना अचानक शांतता.

मित्राला फोन. तो म्हणाला, "त्यात काय, त्या बारक्या फायली असतात ना, कुठली क्लिप कुठल्या क्लिपला जोडायची याचा हिशोब त्यात असतो. अख्खं फोल्डर आहे तसं दे सॉफ्टवेअरला, बरीच सॉफ्टवेअरं आपली आपण जोडतात."

मी म्हटलं, त्या मी आणल्याच नाहीत.

"बरं मग कार्डावरून घे."

मी म्हटलं, फॉरमॅट.

"मग मूळ एमटीएस घे, त्या आधी एकमेकांना शेपटाला शेपूट लावून एक कर आणि मग कन्व्हर्ट कर, जोड दिसणार पण नाही."

मी काहीच म्हटलं नाही. तोही जरा वेळ काही म्हणाला नाही. मग म्हणाला, "रिसायकल बिन?"

रविवारी सकाळी मी तो अर्धा सेकंद झाकला. भावोजींच्या मोबाइलचा आवाज लावून बघितला तर त्यात ऐन त्या क्षणी भावोजी स्वतःच खोकत होते. शेवटी दुसऱ्या एका नाचाच्या शेवटच्या टाळ्या उचलल्या आणि त्या जोडावर पसरल्या, हळू सुरू होऊन हळू संपतील अशा. माझ्या मते बेमालूम.

संध्याकाळी सगळे बसून बघत होते. ताई खूश, आईचे डोळे पाणावले, भावोजी स्वतःचे शॉट आले की "हा माझा, हा माझा" करत होते. भाची तेवढी कपाळाला आठी घालून बघत होती. संपल्यावर तिने मागे घ्यायला लावलं, परत बघितलं, परत मागे घ्यायला लावलं.

"मामा, मी उडी मारायच्या आधीच लोक टाळ्या का वाजवतायत?"

"त्याला व्हेरिएबल फ्रेम रेट म्हणतात," मी म्हटलं.

भावोजींनी हळूच मोबाइल खिशात घातला.