साका आणि आतून वाटणं

एप्रिल उजाडला की घरातले मला आंबे आणायला पिटाळतात आणि माझा छळ सुरू होतो. माणसाच्या अंदाजाची जिरवायलाच हापूस जन्माला आलाय असं माझं स्पष्ट मत आहे. बाकीची फळं कशी, सडली की दिसतं, दाबलं की कळतं. पण हापूसातला साका बाहेरून दिसतच नाही हो! वरून तुकतुकीत केशरी, घरभर घमघमाट, आणि सुरी फिरवली की कोयीलगत पांढरट भुसभुशीत आंबूस काहीतरी. कोणी म्हणतं तापलेल्या जमिनीची धग फळाला लागते, कोणी म्हणतं कोय आतल्या आतच रुजायला बघते. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने तर नीलम आणि हापूसचा संकर करून १९८१ मध्ये 'रत्ना' नावाची जात आणली, तिच्यात साका होत नाही. पण आमच्याकडे हापूसच लागतो, साक्यासकट.

मग मी गाडीपाशी उभा राहून एकेक आंबा उचलतो, देठाशी नाक लावतो, खांदे वर आलेत का बघतो (हे सगळं शेजारच्या गिऱ्हाइकाचं बघून), आणि मग आतून काहीतरी वाटतं आणि मी म्हणतो, हे द्या. आंबे चांगले निघाले तर घरात कोणी चकार शब्द काढत नाही, हापूस आहे, गोडच असणार, त्यात तुझं काय. साका निघाला की मात्र लगेच, "अंदाजपंचे दाहोदरसे उचलून आणले असणार!" म्हणजे अंदाज माझा असला की त्याला मागे 'पंचे' लागतंच. तिकडे महापालिका कोट्यवधींचा हिशेब मांडून त्याला राजरोस अंदाजपत्रक म्हणते, तिला कोणी पंचे लावतं का?

आईचा अंदाज म्हणजे अंदाज नसतोच, तो ठोकताळा असतो. पाडव्याचा आंबा घेऊ नये, मिरगाचा पाऊस पडला की घेऊ नये, अळी असते. ठोकताळा बरोबर आला की अनुभव, आणि चुकला की "यंदा हवाच तशी आहे". याच माऊलीला आमटीत मीठ किती घालू विचारलं की सांगते, "अंदाजाने घाल, त्यात विचारायचं काय!" तिथे चालतं.

बायकोचं वेगळंच. तिला आधीच वाटलेलं असतं. मात्र हे आधीच वाटणं आंबा कापल्यावरच जाहीर होतं. "मला तेव्हाच वाटलं होतं, तू पिशवी ठेवलीस ना टेबलावर, तेव्हाच मनात पाल चुकचुकली." मी एकदा धीर करून विचारलं की ही पाल पैसे द्यायच्या आधी चुकचुकायचं काय घेते, तर त्या दिवशी मला आमरस वाटीभरच मिळाला.

चिरंजीव कंपनीत नोकरीला लागल्यापासून शेअर घेताना, मोबाईल घेताना, सगळीकडे "माझं गट फीलिंग आहे" म्हणतात. आई म्हणाली, "कुठला गट रे, बचत गट का? व्याज किती देतात?" तो काय समजावणार, त्यालाही नीट सांगता येईना.

शेवटी आंबेवाल्यालाच विचारलं, मामा, तुम्हाला कसं कळतं हो? "साहेब, हाताला कळतं. हात फिरवला की हात सांगतो." मग साका? "त्याचं काय हाताला कळत नाही." वर गॅरंटी पण देतात की साका निघाला तर बदलून देऊ, फक्त तो कापलेला आंबा घेऊन यायचा. मी भर उन्हात डब्यात अर्धा आंबा घेऊन गेलो तर म्हणाले, हा माझा नाहीच. हे मात्र त्यांच्या हाताला बरोब्बर कळलं!

यंदा आई म्हणाली, तुला जमत नाही, मीच येते. आली. वास नाही, दाबणं नाही, सरळ आंबेवाल्याला म्हणाली, "तूच दे रे बाबा चांगले बघून, मला काय कळतंय त्यातलं." हेच मी बोललो असतो तर त्याला बावळटपणा म्हणाले असते. दोन डझन घरी आले, रात्री कापायला घेतले, आणि तिसऱ्याच आंब्यात साका. मी श्वास रोखून बसलो, आता बघू कुठला शब्द येतो. आई म्हणाली, "डझनात एखादा निघायचाच." बायको म्हणाली, "हो ना आई, बाकीचे बघा ना किती गोड आहेत, तुमची नजरच तयार आहे." चिरंजीव मान हलवत फोडी खात होते. मी गुपचूप कोय चोखत बसलो. आतून खूप काही वाटत होतं.