आमवाताची इंजेक्शने आणि ‘प्रतिकारशक्ती संपते’ हा दावा

सोलापुरातल्या व्हॉट्सॲप गटांवर सध्या एक संदेश फिरतो आहे: ‘आमवातावरची बायोलॉजिक इंजेक्शने प्रतिकारशक्ती कायमची संपवतात, त्यांनी क्षय हमखास होतो, सायटोकाइन कमी करायला हळदच पुरेशी आहे.’ बिड्या वळणाऱ्या माझ्या वहिनींनी तो वाचून पुढचे इंजेक्शन घ्यायचे नाही असे ठरवले, म्हणून हे लिहावे लागत आहे.

सायटोकाइन म्हणजे पेशींनी एकमेकींना धाडलेले रासायनिक निरोप. आमवातात त्यांपैकी टीएनएफ नावाच्या, सूज वाढवणाऱ्या निरोपाचा अतिरेक होतो, सांध्याचे अस्तर सुजते आणि पुढे हाड झिजू लागते. अडालिमुमॅब हे बायोलॉजिक, म्हणजे जिवंत पेशींत तयार केलेले, औषध तेवढा एकच निरोप अडवते, आणि रक्तातले त्याचे प्रमाण साधारण दोन आठवड्यांत निम्म्यावर येते, म्हणूनच ते पंधरा दिवसांनी पुन्हा घ्यावे लागते. त्याने प्रतिकारशक्ती ‘कायमची’ संपत नाही. संसर्गाचा धोका मात्र वाढतो. ताप आल्यास डॉक्टरांना विचारूनच पुढचा डोस घ्यावा.

क्षयाच्या मुद्द्यात तथ्य आहे आणि ते झाकणे चूक ठरेल. शरीरात सुप्त राहिलेल्या क्षयजंतूंभोवती पेशींचे जे कडे असते, ते टीएनएफच्या आधाराने टिकते. तोच अडवला की कडे सैल पडून जंतू मोकळे होऊ शकतात. इन्फ्लिक्सिमॅब हे टीएनएफ अडवणारेच दुसरे औषध घेणाऱ्या रुग्णांत असा क्षय आढळल्याचे २००१ मध्येच प्रसिद्ध झाले. पण म्हणूनच आता इंजेक्शन सुरू करण्याआधी छातीचा एक्स-रे आणि क्षयासाठी मांटू ही त्वचेत टोचून करायची चाचणी किंवा रक्ताची चाचणी करतात. वहिनींच्या हातावर मांटूची सुई टोचून भोवती पेनाने गोल काढला होता आणि तिसऱ्या दिवशी तिथला फुगवटा पट्टीने मोजला होता. सुप्त क्षय आढळला तर आधी प्रतिबंधक गोळ्या सुरू करतात. त्यामुळे धोका पूर्ण जात नाही, पण बराच घटतो. ‘हमखास’ हा शब्द खोटा आहे.

राहिली हळद. तिच्यातले कर्क्युमिन प्रयोगशाळेतल्या पेशींमध्ये टीएनएफ घटवते, हे खरे. पण गिळलेल्या हळदीतून रक्तात फारच थोडे पोहोचते, आणि सांध्याची झीज त्याने थांबते असा भक्कम पुरावा नाही. वहिनी हळदीचे दूध आजही घेतात, त्याला कुणाची हरकत नाही. मात्र इंजेक्शनापूर्वी सकाळचे दोन-दोन तास त्यांचा अंगठा पाने कापायच्या कात्रीच्या कडीत शिरत नसे, आणि हे दूध त्या तेव्हाही रोज घेत होत्या.