सोन्याचं हरीण नेमकं कोणाला हवं होतं?

आमच्या फॅमिली ग्रुपवर पंधरा दिवस झाले एकच विषय चालू आहे. दादा-वहिनींनी पंचवटीतला वाडा सोडून पाथर्डी फाट्याला टू बीएचके बघितलाय, त्यावर मामांनी एकच ओळ टाकली, "पंचवटीत राहून सोन्याचं हरीण मागायची रीत जुनीच आहे." खाली हसऱ्या चेहऱ्यांची रांग. मग काय, आत्याने तृष्णेवर लांबलचक फॉरवर्ड टाकला, काकांनी ययाती काढला, मुलाचं तारुण्य मागून घेतलं तरी भूक भागली नाही वगैरे, आणि सगळा रोख वहिनींवर, ज्या ग्रुपमध्ये असून एक अक्षर बोललेल्या नाहीत. फ्लॅटचं लोन दादाच्याही नावावर आहे, पण मोह मात्र वहिनींना झालाय.

मी हे सगळं नेदरलँड्समधल्या द हेगमध्ये ट्रामला लटकून वाचतो. इथे बरोब्बर उलटं. पहिल्या वर्षी मॅनेजरने समोर बसवून विचारलं, तुला काय हवंय? प्रमोशन, ट्रेनिंग असलं काही नाही, तुला स्वतःला काय हवंय. मला घाम फुटला, कारण नाशकात हा प्रश्न मला फक्त मिसळवाल्याने विचारला होता. तेव्हा भारी वाटलं, की इथे इच्छा म्हणजे पाप नाही, माणसाची ओळख आहे. पुढे कळलं की ह्या "आपापल्या" इच्छा सगळ्यांच्या सारख्याच असतात. पोरं झाली की प्रत्येकाला ती पुढे लाकडी पेटी असलेली सायकल हवी असते, बाकफीट्स, आणि साधी राहणी म्हणून मिरवायची ही वस्तू इलेक्ट्रिक घेतली तर त्या पैशात कॉलेज रोडवर दोन बुलेट आल्या असत्या. मला नाशकात बुलेट हवी होती. आता बाकफीट्स हवीय. मी बदललो की शेजारी बदलले?

ह्याच गावात स्पिनोझा हा तत्त्वज्ञ शेवटची वर्षं भाड्याच्या खोलीत राहिला, भिंगं घासून पोट भरायचा, 1677 साली गेला. तो म्हणतो इच्छा हेच माणसाचं मूळ स्वरूप, आणि एखादी गोष्ट चांगली म्हणून ती आपल्याला हवी असते असं नाही, हवी असते म्हणून आपण तिला चांगली म्हणतो. (पुढे 1972 मध्ये डच सरकारी बँकेने त्यालाच हजार गिल्डरच्या नोटेवर छापलं. बिचारा.)

मला हे पटलं ते सुपरमार्केटमध्ये. मार्चमध्ये इथे अर्ध्या किलोच्या प्लॅस्टिकच्या डब्यात आपली द्राक्षं येतात, मागे बारीक अक्षरात इंडिया. घरी असताना सीझनला पिंपळगावहून बाबांच्या मित्राकडून क्रेट यायचा, कॉटखाली पडून असायचा, आई ओरडायची खा रे नासतायत. तेव्हा ढुंकून बघितलं नाही, आणि इथे तोच डबा हातात घेऊन वेड्यासारखा उभा होतो. बरं, तो मणीही तोच राहिलेला नाही. युरोपातल्या गिऱ्हाईकाला 16-18 मिलिमीटरच्या पुढचा, बिनबियांचा, एकसारखा मणी हवा, म्हणून तिकडे निफाड-दिंडोरीत शेतकरी ऑक्टोबर छाटणीनंतर घड विरळ करतो, जीएमध्ये, म्हणजे मणी फुगवणाऱ्या औषधात बुडवतो, रेसिड्यूच्या, म्हणजे मालात उरलेल्या औषधाच्या रिपोर्टसाठी जीव टांगणीला लावून बसतो. 2010 साली औषधाच्या एका अंशावरून माल युरोपात अडकला आणि किती घरं झोपली. इथल्या माणसाची जिभेची हौस, तिथल्याच्या डोक्यावर कर्ज, आणि हावरा कोण म्हणायचं?

म्हणून मला मामांचं हरीण खटकतं. वाल्मीकी वाचला तर लक्ष्मण सरळ सांगतो की हा मारीच आहे, आणि तरी राम स्वतः त्या हरणाला भुलतो, कातडं कसं असेल इथपर्यंत बोलतो. त्याच्याही मागे जा, शूर्पणखेला राम हवासा वाटला, नाक गेलं, (त्यावरूनच आपल्या गावाचं नाव पडलं म्हणतात), तिने रावणापुढे सीतेच्या रूपाचं वर्णन केलं आणि न बघितलेल्या बाईची त्याला ओढ लागली. एकाने दुसऱ्याची हाव पेटवायची अशी सगळी साखळी, पण नाशकात दोन हजार लोकांना विचारा, मोह कोणाला झाला? सीतेला. आमच्याकडे इच्छा सगळ्यांनाच होते हो, हिशोब फक्त एकीकडून मागतात.

शेवटी रविवारी मी वहिनींनाच फोन लावला. म्हटलं वहिनी, तुम्हाला नक्की काय हवंय? थोडा वेळ नुसता कुकरचा आवाज. मग म्हणाल्या, "भाऊजी, इथला ओटा आजेसासूबाईंच्या उंचीचा आहे. 28 इंच. त्या पावणेपाच फुटी, मी साडेपाच. 17 वर्षं वाकून पोळ्या लाटतेय. बिल्डर 34 इंचाचा करून देतो म्हणाला."

बस, एवढंच. ना बाल्कनी, ना स्विमिंग पूल.

मी मामांना पर्सनलवर फक्त दोन आकडे पाठवले, 28 आणि 34. दहा मिनिटांनी त्यांचा रिप्लाय आला, "हा काय, पाथर्डी फाट्याचा रेट का?"