आमदाराच्या मतांचं प्रगतिपुस्तक: जे नोंदलंच गेलं नाही ते छापतं कोण?

एखादं वादग्रस्त विधेयक मंजूर झालं, किंवा निवडणूक तोंडावर आली, की व्हॉट्सॲपवर तक्ते फिरायला लागतात. वर आमदाराचा फोटो, डावीकडे विधेयकांची नावं, उजवीकडे हिरवी खूण नाहीतर लाल फुली. खाली आवाहन असतं: विधानसभेत कसं मत दिलं ते बघा आणि मग ठरवा. तक्ता कोणत्याही पक्षाच्या आमदाराचा असो, त्यामागची गृहीतकं ठरलेली असतात. ती एकेक करून तपासू.

दावा १: प्रत्येक विधेयकावर कोणी काय मत दिलं, याची नोंद विधिमंडळात असते.

नसते. महाराष्ट्रात विधेयकं जवळपास सगळी आवाजी मतदानाने होतात. मंत्री विधेयक विचारात घेण्याचा प्रस्ताव मांडतात, चर्चा होते, मग अध्यक्ष प्रस्ताव मतास टाकतात. अनुकूल असतील त्यांनी ‘होय’ म्हणायचं, प्रतिकूल असतील त्यांनी ‘नाही’. बहुमत कोणाचं, हे अध्यक्ष आवाजावरून जाहीर करतात. त्यानंतर विधेयकाचे खंड, म्हणजे कलमं, मतास टाकली जातात आणि शेवटी विधेयक संमत करण्याचा प्रस्ताव येतो. गोंधळ चालू असेल तर हे सगळं काही मिनिटांत उरकतं. कार्यवाहीत उरतं ते एवढंच, की प्रस्ताव मतास टाकण्यात आला व संमत झाला. त्यात ना नावं असतात, ना आकडा.

नावं कागदावर येतात ती मतविभागणी झाली तरच. त्यासाठी अध्यक्षांनी आवाजावरून दिलेल्या कौलाला कोणीतरी तिथल्या तिथे हरकत घ्यावी लागते. मग सदस्य रांगेने एकेक उभे राहून आपलं नाव आणि क्रमांक सांगतात, आणि शिरगणती होते. ३० नोव्हेंबर २०१९ ला उद्धव ठाकरे सरकारचा विश्वासदर्शक ठराव असा झाला: बाजूने १६९, विरोधात शून्य, तटस्थ ४. ४ जुलै २०२२ ला एकनाथ शिंदे सरकारचा झाला: १६४ विरुद्ध ९९.

विश्वासदर्शक ठरावालाही शिरगणती होतेच असं नाही. १२ नोव्हेंबर २०१४ ला देवेंद्र फडणवीस सरकारने विश्वास मिळवला तो आवाजी मतदानाने. भाजपचे १२१ आमदार होते, म्हणजे स्वतःच्या बळावर बहुमत नव्हतं. शिवसेना त्या दिवशी विरोधी बाकांवर होती. शिवसेना आणि काँग्रेसने मतविभागणीसाठी गदारोळ केला, पण अध्यक्ष हरिभाऊ बागडे यांनी ठराव संमत झाल्याचं जाहीर केलं होतं. ‘राष्ट्रवादीच्या ४१ आमदारांनी तेव्हा भाजपला मत दिलं’ हे वाक्य आजही बिनदिक्कत फेकलं जातं. राष्ट्रवादीने बाहेरून पाठिंबा जाहीर केला होता, हे खरं. पण त्या ४१ जणांपैकी कोण ‘होय’ म्हणालं आणि कोण गप्प बसलं, हे कुठल्याच कागदावर नाही. एवढ्या मोठ्या ठरावाची ही गत असेल, तर एखाद्या दुरुस्ती विधेयकावरच्या मताची हिरवी खूण कुठून येते, हे तक्ता पाठवणाऱ्यालाच विचारा.

गोंधळ बहुधा लोकसभेमुळे होतो. वक्फ दुरुस्ती विधेयक एप्रिल २०२५ मध्ये लोकसभेत २८८ विरुद्ध २३२ मतांनी मंजूर झालं. तिथे बटण दाबून मतदान होतं आणि मतविभागणीतली नावं कार्यवाहीत छापली जातात. म्हणून खासदाराबद्दल असा तक्ता काही विधेयकांपुरता तरी करता येतो. तोच साचा आमदाराला लावला, की रिकाम्या चौकटी मनाने भरणं आलं.

दावा २: विधेयक एकमताने मंजूर झालं, म्हणजे सगळ्या २८८ आमदारांनी पाठिंबा दिला.

संविधानाच्या अनुच्छेद १८९ नुसार निर्णय होतो तो हजर असलेल्या आणि मत देणाऱ्या सदस्यांच्या बहुमताने. गणपूर्ती, म्हणजे कामकाजासाठी किमान हजेरी, लागते एक दशांशाची, म्हणजे २८८ च्या सभागृहात २९ जणांची. ‘एकमताने’ याचा अर्थ त्या क्षणी सभागृहात कोणी मोठ्याने ‘नाही’ म्हटलं नाही. सकाळी हजेरी लावून दुपारी मतदारसंघाकडे निघालेला आमदारही तक्त्यात हिरवाच दिसतो.

१३ जून २०१४ ला डान्स बार बंदीचं विधेयक विधानसभेत एकमताने झालं, आणि तेही चर्चेविना. चर्चाच झाली नसेल, तर अमुक आमदार या कायद्याचा खंदा समर्थक होता असं म्हणायला आधार काय? २० फेब्रुवारी २०२४ च्या मराठा आरक्षण विधेयकाचंही तेच. एकमत झालं हे खरं. पण कोणाच्या मनात काय होतं ते बघायचं, तर सभागृहातली आणि बाहेरची भाषणं वाचावी लागतील. मतांची यादी नाहीच.

दावा ३: जनसुरक्षा विधेयकाला महाविकास आघाडीच्या आमदारांनी मतदान केलं. (उलटा तक्ताही फिरतो: ‘आमच्या साहेबांनी विरोधात मत दिलं.’)

दोन्ही तक्ते सारखेच निराधार. बेकायदा ठरवलेल्या संघटनांवर कारवाईसाठीचं महाराष्ट्र विशेष जनसुरक्षा विधेयक विधानसभेत १० जुलै २०२५ ला आवाजी मतदानाने मंजूर झालं. ठाम विरोध नोंदवला तो डहाणूचे माकपचे आमदार विनोद निकोले यांनी. दुसऱ्या दिवशी विधान परिषदेत विरोधकांनी सभात्याग केला आणि विधेयक तिथेही झालं.

विरोधकांना खरोखर अडचणीत आणणारा प्रश्न वेगळाच आहे, आणि तो तक्त्यात कधीच नसतो. हे विधेयक आधी दोन्ही सभागृहांच्या संयुक्त समितीकडे गेलं होतं. समितीत विरोधी पक्षांचे ज्येष्ठ सदस्य होते. समितीच्या अहवालाला सदस्य भिन्नमतपत्रिका, म्हणजे आपल्या असहमतीची लेखी नोंद, जोडू शकतो. तो छापील दस्तऐवज असतो, सदस्याच्या नावानिशी. अशी पत्रिका कोणीच जोडली नाही, असं मुख्यमंत्र्यांनी सभागृहात सांगितलं. म्हणजे नावानिशी विरोध नोंदवायची सोय होती. तशीच मतविभागणी मागायचीही सोय होती. विधेयक पडणार नाही हे माहीत असलं, तरी नावं छापली जातात, आणि मतविभागणी मागायची ती त्यासाठीच. माझ्या मते आमदाराला जाब विचारायचा तो इथे.

दावा ४: सभात्याग किंवा गैरहजेरी म्हणजे छुपा पाठिंबा.

या न्यायाने २०१९ मध्ये भाजपने ठाकरे सरकारला छुपा पाठिंबा दिला असं म्हणावं लागेल, कारण सभात्यागामुळे विरोधातला आकडा शून्य आला. सभात्याग हा राजकीय निषेध आहे, पण मत म्हणून तो कुठेच मोजला जात नाही. बाजूने नाही, विरोधातही नाही. बहुमत काठावर असेल तर मात्र तो सरकारच्या पथ्यावर पडतो, कारण हजर सदस्यांची संख्या कमी होते.

गैरहजेरी तर आणखी फसवी. जुलै २०२२ चे दोन दिवस शेजारी ठेवून बघा. ३ तारखेला अध्यक्षपदाच्या निवडणुकीत राहुल नार्वेकर यांना १६४, राजन साळवी यांना १०७. ४ तारखेला सरकारच्या बाजूने पुन्हा १६४, विरोधात ९९. वरवर पाहता सत्ताधारी जिथल्या तिथे. पण आदल्या दिवशी साळवींच्या बाजूने असलेले संतोष बांगर दुसऱ्या दिवशी शिंदेंकडे गेले होते, आणि नार्वेकर आता अध्यक्षांच्या आसनावर होते. अध्यक्ष मत देतात ते फक्त समसमान मतं पडल्यावर. आकडा तोच, माणसं बदललेली. विरोधकांची मतं घटली त्यात अशोक चव्हाण, विजय वडेट्टीवार यांच्यासारखे काही जण होते, जे दरवाजे बंद झाल्यावर पोहोचले. त्यामागे काय होतं याची चर्चा तेव्हा भरपूर झाली, पण नोंदीत ते फक्त गैरहजर.

दावा ५: व्हिप (मतदानाबाबतचा पक्षादेश) मोडला की आमदारकी गेली, त्यामुळे आमदाराच्या मताला अर्थच नाही.

संविधानाच्या दहाव्या अनुसूचीत, म्हणजे पक्षांतरबंदी कायद्यात, पक्षादेशाविरुद्ध मत देणं किंवा मतदानापासून दूर राहणं, दोन्ही अपात्रतेची कारणं आहेत. पण पक्षाने १५ दिवसांत ते माफ केलं तर प्रश्न मिटतो. शिवाय १९९२ च्या किहोतो होलोहान निकालात सर्वोच्च न्यायालयाने या तरतुदीचा वापर सरकारच्या अस्तित्वाचा किंवा पक्षाच्या मूळ धोरणाचा प्रश्न असेल तेवढ्यापुरता असावा, असं म्हटलं. आणि शिवसेना फुटल्यावर व्हिप कोणाचा, यावरच महाराष्ट्रात महाभारत झालं. ११ मे २०२३ ला न्यायालयाने शिंदे गटाचे भरत गोगावले यांच्या प्रतोदपदाला (प्रतोद म्हणजे व्हिप बजावणारा) दिलेली मान्यता बेकायदा ठरवली. १० जानेवारी २०२४ ला अध्यक्षांनी गोगावले यांनाच वैध मानलं आणि दोन्ही गटांतल्या कोणालाही अपात्र केलं नाही. आवाजी मतदानात तर व्हिप मोडला हे सिद्ध करायलाच पुरावा नसतो.

दावा ६: राज्यसभा आणि विधान परिषदेच्या निवडणुकीत कोणी मत फोडलं, ते रेकॉर्डवर आहे.

हे सभागृहाचं कामकाज नाही, त्यामुळे तिथे दहावी अनुसूची लागत नाही. राज्यसभेला आमदाराने मतपत्रिका स्वतःच्या पक्षाच्या प्रतिनिधीला दाखवायची असते, म्हणजे पक्षाला कळतं, जनतेला नाही. दाखवण्यात चूक झाली तर मत बाद होतं; जून २०२२ मध्ये सुहास कांदे यांचं मत निवडणूक आयोगाने अशाच आक्षेपावरून बाद केलं. विधान परिषदेला मतदान पूर्ण गुप्त. जुलै २०२४ मध्ये ११ जागांना १२ उमेदवार होते, शेकापचे जयंत पाटील पडले, आणि काँग्रेसची मतं फुटल्याचं आकड्यांच्या गणितावरून निघालं. फुटीर आमदारांची जी नावं फिरतात, ती पक्षाच्या संशयावर.

मग आमदाराची भूमिका तपासायची कशी? आधी विधेयक कोणत्या तारखेला, कोणत्या सभागृहात मंजूर झालं ते पक्कं करा. विधिमंडळाच्या संकेतस्थळावर त्या दिवसाची कार्यवाही शोधा. त्यात चार गोष्टी बघा: आमदार बोलला का, त्याने सुधारणा सुचवल्या का, विधेयक समितीकडे गेलं असेल तर त्याची भिन्नमतपत्रिका आहे का, आणि मतविभागणी कोणी मागितली का. त्या दिवशीच्या हजेरीपटावर विसंबू नका. सही दिवसाची असते, मतदानाच्या क्षणाची नाही.

माहिती अधिकारात अर्ज करणार असाल, तर ‘आमच्या आमदारांनी काय मत दिलं’ असं विचारू नका. कायद्याने फक्त अस्तित्वात असलेला कागद मिळतो. महिनाभर थांबून ‘माहिती उपलब्ध नाही’ एवढंच उत्तर येईल. अर्जात सभागृह, तारीख आणि विधेयकाचं नाव लिहून त्या बैठकीच्या कार्यवाहीची प्रत मागा, आणि मतविभागणी झाली असल्यास तिच्या नाववार यादीची प्रत.