‘फक्त सी ड्राइव्ह फॉरमॅट करा’ म्हणे!

परवा रात्री मावशीचा फोन आला. “अगं, लॅपटॉपचा आवाज गेला होता म्हणून ग्रुपवरच्या त्या मेसेजप्रमाणे विंडोज नव्याने टाकलं. आता वाय-फायपण दिसत नाही. आणि डेस्कटॉपवरचे फोटो कुठे ठेवतं गं ते?”

कुठे ठेवत नाही. पुसून टाकतं. फोनवर मात्र हे मला सांगवलं नाही.

मेसेज तुमच्याकडेही आला असेल: साउंड, वाय-फाय, ब्लूटूथ गेलं म्हणजे ड्रायव्हर (तो भाग आणि विंडोज यांच्यात दुवा साधणारं छोटं सॉफ्टवेअर) करप्ट झाला. विंडोज नव्याने टाका, सगळे ड्रायव्हर आपोआप नवे येतात. फक्त सी ड्राइव्ह फॉरमॅट करा, डेटाला धक्का लागत नाही. दर सहा महिन्यांनी केलंत तर मशीन नव्यासारखं राहतं.

आधी डेटाचं बघू, कारण नुकसान तिथे होतं. डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, पिक्चर्स, डाउनलोड्स हे सगळे फोल्डर तुम्ही मुद्दाम हलवले नसतील तर सी ड्राइव्हवरच ‘यूजर्स’मध्ये असतात. म्हणजे ‘फक्त सी’ म्हणजे नेमकं तेच, जे वाचवायचंय. फॉरमॅट न करता त्याच जागी विंडोज टाकलं तर जुन्या फाइल्स निदान ‘विंडोज डॉट ओल्ड’ फोल्डरमध्ये काही दिवस राहतात. मेसेजवाल्या महाशयांनी तीही सोय ठेवली नाही. वनड्राइव्हवर, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या ऑनलाइन साठ्यावर, बॅकअप चालू असेल तर नशीब. एसएसडी (चिपवर चालणारी वेगवान डिस्क) असेल तर रिकव्हरी सॉफ्टवेअरवर फार भिस्त ठेवू नका. फॉरमॅटनंतर मोकळ्या झालेल्या जागेतला मजकूर ती स्वतःच साफ करून टाकते.

बरं, डी ड्राइव्ह तरी शाबूत? बऱ्याच नव्या लॅपटॉपमध्ये एन्क्रिप्शन (डेटा कुलूपबंद ठेवणारी सोय) आधीपासूनच चालू असतं, आणि ते डी ड्राइव्हलाही लागू असेल तर नवं विंडोज त्यासाठी 48 आकडी रिकव्हरी की मागतं. ती सहसा मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये जपलेली असते. त्याचा पासवर्ड आठवतोय का, हे फॉरमॅटच्या आधी विचारायचं असतं.

‘ड्रायव्हर आपोआप येतात’ हे निम्मं खरं. विंडोजमध्ये काही सर्वसाधारण ड्रायव्हर असतात, उरलेले विंडोज अपडेटमधून उतरतात. म्हणजे इंटरनेट हवं. इंटरनेटला वाय-फाय हवं. वाय-फायला ड्रायव्हर हवा. मावशी याच चक्रात अडकली. विंडोज 11 होम तर सेटअपच्या वेळीच इंटरनेट मागतं. इंटेलच्या 11व्या पिढीपासूनच्या अनेक मशीनवर इन्स्टॉलरला डिस्कच दिसत नाही. तिचा ड्रायव्हर पेन ड्राइव्हवरून आधी हाताने द्यावा लागतो. आणि मुळात विंडोज अपडेटनेच बिघडका ड्रायव्हर दिला असेल तर? एवढा खटाटोप करून तोच पुन्हा उतरणार. ये रे माझ्या मागल्या.

ड्रायव्हरने मशीन पार झोपवलं तरी विंडोज उपटायची गरज नसते, याचं सगळ्यांना आठवेल असं उदाहरण 19 जुलै 2024चं. क्राउडस्ट्राइक या सायबरसुरक्षा कंपनीच्या अपडेटमधली एक सदोष फाइल वाचताना त्यांचा कर्नेलमध्ये, म्हणजे विंडोजच्या गाभ्यात, चालणारा ड्रायव्हर कोसळत होता. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार सुमारे 85 लाख विंडोज मशीन निळ्या पडद्यावर गेली, विमानं खोळंबली, इस्पितळं अडली. आणि अधिकृत उपाय काय होता? सेफ मोडमध्ये (अत्यावश्यक तेवढंच चालू ठेवणाऱ्या विंडोजमध्ये) जा, ‘291’ क्रमांकाची ती फाइल उडवा, मशीन पुन्हा चालू करा. लाखो मशीनवर काम करणाऱ्यांना जे पुरलं, ते आपल्या स्पीकरला पुरणार नाही?

आणि आवाज गेला म्हणजे ड्रायव्हरच गेला, हे तरी कोणी ठरवलं? मावशीच्या लॅपटॉपला टीव्हीची एचडीएमआय वायर जोडलेली होती. आवाज टीव्हीकडे जात होता आणि टीव्ही बंद. टास्कबारवरच्या स्पीकरच्या चिन्हातून आउटपुट बदललं, झालं. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी!

ड्रायव्हरचा संशय असेलच तर डिव्हाइस मॅनेजर उघडा आणि त्या डिव्हाइसच्या प्रॉपर्टीजमध्ये कोड बघा. 28 म्हणजे ड्रायव्हर बसवलेलाच नाही. 22 म्हणजे डिव्हाइस कोणीतरी बंद करून ठेवलंय. अपडेटनंतर बिघडलं असेल तर ‘रोल बॅक ड्रायव्हर’ करा, म्हणजे आधीचा ड्रायव्हर परत येतो. नाही जमलं तर अनइन्स्टॉल करून लॅपटॉप कंपनीच्या साइटवरून आपल्या मॉडेलचा ड्रायव्हर घ्या. एका क्लिकवर सगळे ड्रायव्हर बदलून देणाऱ्या सॉफ्टवेअरच्या मात्र वाटेला जाऊ नका.

सहा महिन्यांच्या पथ्यावर काय बोलायचं! विंडोज म्हणजे पाण्याची टाकी नव्हे.

हो, कधीकधी विंडोज नव्याने टाकावं लागतं, मान्य. व्हायरसने पोखरलेलं असेल किंवा सिस्टिम फाइल्सच इतक्या बिघडल्या असतील की एसएफसी आणि डिझम ही विंडोजचीच दुरुस्तीची साधनं चालवूनही दुरुस्त होत नाहीत, तर टाका. पण तेव्हाही आधी फोटो-कागदपत्रं दुसऱ्या डिस्कवर, नेटवर्कचा ड्रायव्हर पेन ड्राइव्हवर आणि ती 48 आकडी की कागदावर. मेसेजमध्ये यातलं एकही नाही. तो सतरा जणांना पाठवायला मात्र सांगितलंय.